बट्टा कुणाच्या नावावर? : नाण्याची प्रतवारी आणि टांकसाळीच्या खुणा

आपल्या या मुलखाचा पोर्तुगीज अध्याय सुरू झाला तो रुपयांच्या हिशेबाने. १७ डिसेंबर १७७९ रोजी पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि १२,००० रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना देण्याचे ठरले. त्याप्रमाणे १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्याकडे गेली. १७८५ मध्ये दादराही गेले. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत आटोपते. पण त्या काळचा एखादा सराफ ती ओळ वाचून थांबला असता आणि त्याने विचारले असते, "बारा हजार खरे, पण कोणते रुपये?"

त्याचा प्रश्न रास्त होता. तेव्हा रुपया एक नव्हता. अंकुशी होता, चांदोरी होता, सुरती होता. टांकसाळ बदलली की चांदीचा कस बदले, वजन बदले. शिवाय नाणे हातोहात फिरून झिजलेले असे. सराफ ते वाजवून पाही, तोलून पाही, कधी त्यावर आपली बारीक खूण ठोकी आणि मग दर्शनी किमतीतून काही रक्कम कापून घेई. या कापण्याला म्हणत बट्टा. पेढ्या गेल्या, पण शब्द भाषेत राहिला. आजही आपण नावाला बट्टा लागला असे म्हणतो, ते मूळचे सराफाच्या गादीवरचे आहे.

माझे आजोबा अशाच एका पेढीवर मुनीम होते. मी मात्र होमिओपॅथीचा डॉक्टर झालो आणि १९८६ पासून सिल्वासात दवाखाना चालवतो. नाण्यांचा नाद बहुधा आजोबांकडूनच आला असावा. त्या नादात मी एकदा एका रुपयाला चुकीचा बट्टा लावला. आजच्या विषयाचे मूळ त्या चुकीत आहे, म्हणून ती आधी सांगतो.

१९९२ ची गोष्ट. खानवेलकडच्या एका पाड्यावरची एक म्हातारी मावशी माझ्याकडे औषधाला येत असे. एकदा तिने कमरेची पिशवी सोडून सात रुपये टेबलावर ठेवले. नातीच्या लग्नासाठी विकायचे होते. तिने विचारले, "यांना चांदीपेक्षा जास्त काही येईल का?" पाच नाणी ब्रिटिश होती, चांगली झिजलेली. दोन पोर्तुगीज होती, १९४७ सालची. मी भिंग लावले. दोन्ही पोर्तुगीज रुपयांवर ढालीचा मधला भाग सपाट दिसला. बारीक ठिपके जवळजवळ नाहीसे झालेले. मी मोठ्या जाणतेपणाने सांगितले, "झिजलेत मावशी. त्यातून चांदीही निम्मीच आहे. वजनाने देऊन टाका." आणि तिने दिले. सातांपैकी सहा. सातवे, त्या दोन पोर्तुगीज रुपयांपैकी एक, तिने माझ्या लहान मुलाच्या हातावर ठेवले, कारण त्या दिवशी मी तपासणीचे पैसे घेतले नव्हते.

ते नाणे आठ-नऊ वर्षे माझ्या खणात पडून होते. पुढे मुंबईच्या एका प्रदर्शनात एका वृद्ध संग्राहकांशी ओळख झाली. मी खिशातून ते नाणे काढले आणि म्हटले, "हे बघा, किती झिजलेले आहे." त्यांनी ते दिव्याखाली तिरपे धरले, हळूहळू फिरवले आणि म्हणाले, "डॉक्टर, हे झिजलेले नाही. हे जन्मताच असे आहे."

वाचकहो, नाण्याच्या प्रतवारीतला सगळ्यात अवघड भाग या एका वाक्यात आहे. तो समजायचा तर नाणे जन्मते कसे हे पाहावे लागेल.

मुंबईच्या किल्ल्यात टाउन हॉलजवळ टांकसाळीची इमारत आहे. ती १८२९ साली पूर्ण झाली आणि तिथे वाफेच्या यंत्रांवर नाणी पडू लागली. त्याआधी नाणे हातोड्याच्या घावाने पडे. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे शिवराईवर किंवा पेशवाई रुपयावर अक्षरे अर्धीच उमटत. त्या अर्ध्या अक्षरांना कोणी झीज म्हणत नाही, कारण ते हातघडणीचे लक्षण आहे हे उघड दिसते. यंत्राचे नाणे मात्र गोल, दातेरी कडेचे, एकसारखे असते. म्हणून आपण समजतो की सगळी नाणी सारखीच जन्मली आणि जो फरक दिसतो तो नंतरचा. माझी चूक इथेच झाली.

यंत्रातही प्रत्येक नाण्याचा जन्म वेगळा असतो. धातूच्या पत्र्यातून चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात, मग त्यांची कड उचलून घेतात. चकती एका कड्यात बसते, खाली एक ठसा, वर दुसरा. दाब पडतो तेव्हा थंड धातू क्षणभर पाण्यासारखा वाहतो आणि ठशाच्या खळग्यांत शिरतो. ठशातला सगळ्यात खोल खळगा म्हणजे नाण्यावरचा सगळ्यात उंच भाग. दाब कमी पडला, चकती थोडी पातळ असली किंवा ठसे नीट जुळले नाहीत, तर धातू त्या खोल खळग्यापर्यंत पोचतच नाही आणि नाण्याचा उंच भाग सपाट राहतो.

आता दुसरी बाजू पाहा. नाणे बाजारात फिरते तेव्हा आधी काय घासले जाते? तोच सगळ्यात उंच भाग. म्हणजे अपुरा ठसा आणि झीज, दोन्ही एकाच जागी दिसतात. आमच्या धंद्यात याला एकच लक्षण, दोन आजार म्हणतात. ताप मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही. नुसता ताप पाहून औषध देणारा डॉक्टर जसा फसतो, तसा मी नुसता सपाटपणा पाहून फसलो.

फरक ओळखायचा कसा? त्या संग्राहकांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. तुमच्या घरच्या डब्यावरही त्या करून पाहता येतील.

पहिली गोष्ट झळाळीची. ताज्या ठशाच्या नाण्यावर वाहत्या धातूच्या अतिसूक्ष्म रेषा मध्यापासून कडेकडे गेलेल्या असतात. नाणे दिव्याखाली तिरपे फिरवले की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा त्यावरून फिरतो. हाताळणीने या रेषा सगळ्यात आधी जातात. नाणे खरोखर झिजले असेल, तर उंच भागावर येताच तो पट्टा तुटतो आणि तिथे मंद, राखट डाग दिसतो. ठसाच अपुरा पडला असेल, तर पट्टा सपाट भागावरून सहसा न तुटता सरकतो. कधी त्या सपाट भागात मूळ चकतीचा खरखरीतपणाही भिंगातून दिसतो.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. झीज पक्षपात करत नाही. मध्य झिजला असेल, तर अक्षरांचे माथे आणि कडही थोडी तरी बोथट व्हायला हवीत. मध्य सपाट आणि अक्षरे धारदार असतील, तर संशय टांकसाळीवर घ्यावा. नाणे उलटून बरोबर मागची जागाही पाहावी. धातू दोन्हीकडे अपुरा पडलेला असेल, तर तीही कच्ची असते.

तिसरी गोष्ट रेघांची, आणि ही मला सर्वांत आवडते. टांकसाळीत ठसा घासून साफ करताना ठशावर बारीक चरे पडतात. ठशावरचा खोल चरा नाण्यावर उठून दिसतो. आणि माणसाने नाणे घासले, तर चरा नाण्यातच खोल जातो. म्हणून उठावाची रेघ बहुधा जन्माची आणि खोल रेघ बहुधा नंतरची. याला अपवाद आहेत. चकतीचा पापुद्रा सुटला किंवा ठशाच्या खळग्यात तेलमळ भरून अक्षर बुजले, तर खोल वा हरवलेली खूणही टांकसाळीचीच असते. पण दहापट भिंगाखाली हा एक नियम लक्षात ठेवला, तरी निम्म्या चुका टळतात.

आता सराफाच्या बट्ट्याचा आधुनिक वारस पाहू. आज जगभर नाण्यांना १ ते ७० असे गुण देतात. ही मोजणी काढणारा माणूसही डॉक्टरच होता, हे वाचून मला गंमत वाटली होती. अमेरिकेतले विल्यम शेल्डन वैद्यकाचे पदवीधर आणि मानसशास्त्रज्ञ होते. माणसांच्या शरीराचे तीन ठेवणींत वर्गीकरण करणारे म्हणून ते प्रसिद्ध झाले. १९४९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवर पुस्तक लिहिले आणि त्यात ही पट्टी दिली. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत १ धरली, तर निर्दोष नाण्याची ७० पट, असा त्यामागचा हिशेब होता. बाजारभाव लवकरच बदलले आणि तो हिशेब कोसळला, पण आकडे राहिले. १९७० च्या दशकात अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने ही पट्टी सर्व नाण्यांसाठी घेतली. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या संस्था नाणी तपासून, गुण देऊन, प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून देऊ लागल्या. आपल्याकडचे संग्राहकही आता त्यांच्याकडे नाणी पाठवतात.

या पट्टीत ६० ते ७० हा भाग अजिबात न झिजलेल्या नाण्यांचा आहे. त्याला एमएस म्हणतात, म्हणजे टांकसाळीतून निघाले त्या अवस्थेतले. तिथे झीज शून्यच असते. मग ६१ आणि ६७ मध्ये फरक कशाने पडतो? मुख्यतः ठसा किती पूर्ण पडला, झळाळी कशी आहे, चकती कशी होती आणि पोत्यात नाण्यावर नाणे आपटून किती खाचा पडल्या यांनी. म्हणजे अपुऱ्या ठशाचे नाणे ६० च्या खाली ढकलणे ही चूक आणि त्याला सर्वोच्च गुण देणे हीही चूक. जन्माच्या दोषासाठी थोडे गुण जातात, पण 'न झिजलेले' हा मान जात नाही.

अगदी शिखरावर तर जाणत्यांतही मतभेद आहे. एनजीसीच्या व्याख्येप्रमाणे ७० गुणांच्या नाण्यावर पाचपट भिंगाखाली टांकसाळीनंतरचा एकही दोष दिसता कामा नये. पीसीजीएसची व्याख्या त्याबरोबर ठसाही पूर्ण पडलेला मागते. एक विचारतो, "जन्मल्यानंतर काय बिघडले?" दुसरा विचारतो, "जन्म तरी नीट झाला का?" दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. फक्त आपण कोणता प्रश्न विचारतो आहोत याचे भान हवे.

शेल्डनविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९७७ मध्ये ते वारले. पुढे उघडकीस आले की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून घेऊन त्यांनी तिथे हलके सेंट ठेवले होते. पारखायची पट्टी ज्याने दिली, त्याच्याच नावाला बट्टा लागला. डोळा तयार असणे एक आणि हात स्वच्छ असणे दुसरे.

आता आपल्या खिशातल्या नाण्यांकडे येऊ. सालाखाली पाहा. चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, नुसता ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. १९८० च्या दशकात नाणी कमी पडली तेव्हा आपली काही नाणी ब्रिटन, कोरिया आणि कॅनडात पाडून आणली, तीही डब्यात सापडतील. एकाच सालाचे एकच नाणे दोन टांकसाळींत वेगळे उतरू शकते. म्हणून जाणकार प्रतवारी करताना नाण्याची तुलना त्याच्या भावंडांशी करतो, परक्या आदर्शाशी नाही.

धातूचेही तसेच. साठच्या दशकात आलेले अॅल्युमिनियमचे पैसे इतके मऊ की नुसते एकमेकांवर आपटून ओरखडतात. उलट १९९२ पासून एक रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला. हा धातू तांबे-निकेलपेक्षा कठीण असल्याने खळग्यात सहज वाहत नाही आणि ठशाची धारही लवकर खातो. थकलेल्या ठशाचे नवेकोरे नाणे पुसट दिसते. पण पुसट म्हणजे वापरलेले नव्हे. याउलट 'प्रूफ' हा शब्द लोक उत्तम स्थिती या अर्थाने वापरतात, तेही चूक. प्रूफ ही घडणीची पद्धत आहे. घोटलेली चकती, घोटलेले ठसे आणि एकाहून जास्त वेळा दाब. १९६९ च्या गांधी शताब्दीची मुंबईची प्रूफ नाणी पाहा, पार्श्वभूमी आरशासारखी दिसते. पण असे नाणे कोणी खिशात घालून फिरवले, तर ते झिजलेले प्रूफ होते, इतकेच.

टांकसाळीची मोठी चूक झाली, ठसा सरकला किंवा चकती अर्धवट कापली गेली, तर संग्राहक तिला उलट जास्त किंमत देतात. जन्माच्या वैगुण्याला माणसे मान देतात, हे मला डॉक्टर म्हणून बरे वाटते. पण एका दोषाला कुठेच माफी नाही, आणि तो आपण घरोघर दरवर्षी करतो. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चांदीचे रुपये चिंच लावून, राखेने किंवा पावडरीने घासून लखलखीत करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या घासण्यात वाहत्या धातूच्या रेषा कायमच्या जातात आणि जागी खोल चरे येतात. प्रतवारी करणाऱ्या संस्था अशा नाण्याला सहसा गुणांचा आकडाच देत नाहीत, 'साफ केलेले' असे लिहितात. पूजेचे रुपये पूजेचेच, त्यांना मी हात लावायला सांगणार नाही. पण पूजेच्या ताटात नसलेले नाणे कृपा करून घासू नका. काळपट पडले असले तरी राहू द्या. कडेला धरून उचला, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात नको, कागदी पाकिटात ठेवा.

आणि त्या पाकिटावर लिहा. हे नाणे घरात कोणी आणले, केव्हा, कुठे ठेवलेले असे. हे मी का सांगतो, ते शेवटी सांगतो.

मुंबईहून परतल्यावर मी तो पोर्तुगीज रुपया पुन्हा पाहिला. अक्षरे धारदार होती. प्रकाशाचा पट्टा ढालीवरून अखंड फिरत होता. मागची जागाही तेवढीच कच्ची होती. मग आठवले की मावशीचे दोन्ही रुपये एकाच जागी, एकसारखे सपाट होते. वेगवेगळ्या हातांतून फिरलेली दोन नाणी इतकी जुळी झिजत नाहीत. आणि साधा इतिहासही मी विचारात घेतला नव्हता. नाणे १९४७ चे. २२ जुलै १९५४ ला दादरा मुक्त झाले, २ ऑगस्टला सिल्वासा. पुढे इथे भारतीय रुपयाच चालला. म्हणजे या नाण्याला इथल्या बाजारात फिरायला फार तर सात वर्षे मिळाली. तेवढ्यात ढाल पुसून जाईल आणि शेजारचे अक्षर कोरे राहील, हे कसे शक्य आहे? होमिओपॅथीत रुग्णाची हकीकत तासभर ऐकून घ्यायला शिकवतात. मी त्या दोन रुपयांची हकीकत एक मिनिटही विचारली नव्हती.

फरक लाखांचा नव्हता. पण चांदीच्या निम्म्या भावाहून तो खूपच जास्त होता, आणि मावशीच्या घरात त्या वेळी तेवढ्याने काही तरी झाले असते. मी खानवेलला गेलो तेव्हा ती दोन वर्षांपूर्वी वारलेली होती. जिच्या लग्नासाठी नाणी विकली, ती नात माहेरी आलेली होती. आमच्याकडे पर्युषण संपताना वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायची रीत आहे. मी तिला सगळे सांगितले, क्षमा मागितली आणि नाणे पुढे केले.

तिने ते तळहातावर घेतले आणि म्हणाली, "हे दोन रुपये आजीच्या बापाने आणलेले. आजी सांगायची, ते कधी बाजारात गेलेच नाहीत. भाताच्या कणगीत होते."

१९९२ मध्ये मी एवढेच विचारले असते, तर पुरे होते.

पैसे घ्यायला ती तयार नव्हती. नाणे घेतले. मी तिला न घासण्याबद्दल सांगितले आणि कागदाच्या पाकिटावर तिच्यासमोर लिहून दिले : १९४७, झीज नाही, ठसा अपुरा, आजीच्या वडिलांचे, कणगीत ठेवलेले.